मास्तरांनी नावं ठेवलेली कॉफी

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. कचेऱ्यांच्या भागात एका चार मजली इमारतीच्या तळाशी कॉफीचं जुनं दुकान होतं. तिथल्या यंत्रामागे ते सव्वीस वर्षं उभे राहिले. त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणा वकिलाने त्यांना "मास्तर" अशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. पुढे पुढे घरी फोन आला तरी माणसं "मास्तर आहेत का?" असंच विचारत आणि त्यांची बायकोही "आहेत, देते" म्हणून मोकळी होई.

दुकानातलं यंत्र म्हणजे एक धूडच होतं. तीन तोंडं, दोन वाफेच्या नळ्या, कप ऊन ठेवायला वर पितळी कठडा. सकाळी आल्या आल्या मास्तर आधी त्याला हात लावून बघत. ते पुरतं तापलं नसेल, तर दारात कितीही माणसं खोळंबली तरी पहिली धार सोडत नसत. एस्प्रेसो म्हणजे तरी काय, दाबून बसवलेल्या पुडीतून जोराने ढकललेलं गरम पाणी. दोन घोटांचा कारभार. पण त्या दोन घोटांसाठी माणसं दोन रस्ते ओलांडून मास्तरांकडे यायची. मास्तर वजन करत नसत, घड्याळ बघत नसत. ते धार ऐकत. पाठ वळवून कुणाशी बोलत असले तरी धार पातळ पडली की हात आपोआप मागे जाऊन कळ बंद करायचा. नवखं गिऱ्हाईक ते बघून बोलायचं थांबायचं आणि मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे.

कौतुक करताना मात्र त्यांचा हात फार आखडता. त्यांच्या हाताखाली शिकून सात-आठ जण निरनिराळ्या दुकानांत गेले, पण त्यांतल्या एकालाही ते "छान" म्हणाल्याचं ऐकिवात नाही. फार झालं तर "चालेल". तेवढ्या एका "चालेल"साठी शिकणारी माणसं महिना महिना जीव टाकत. हे मास्तरांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

घरी ते कॉफी करत नसत. "सुतार घरी येऊन रंधा मारत बसतो का?" असं म्हणून चहाचा पेला पुढे ओढत.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला छोटी म्हणत. चोवीस वर्षांची झाली तरी ती छोटीच. औषधांच्या दुकानात ती फार्मासिस्ट होती. डॉक्टरांनी लिहून दिलेली मलमं आणि मिश्रणं मोजून-मापून तयार करायची, त्यामुळे बोटांना अचूकपणाची सवय. एके दिवशी कामावरून येताना तिने मोठं खोकं छातीशी धरून आणलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. दुकानातली एक बाई घर बदलत होती, तिला ते नको होतं.

"हे काय आणलंस?" मास्तरांनी विचारलं.

"एस्प्रेसोचं यंत्र."

मास्तरांनी ते उचलून पाहिलं. एका हातात सहज उचललं गेलं, यातच त्यांना काय समजायचं ते समजलं. बाजारात मिळतात त्यांतलं सगळ्यात स्वस्तातलं होतं ते. सगळं अंग प्लास्टिकचं, पूड दाबायचा दट्ट्यासुद्धा प्लास्टिकचा. ते म्हणाले, "याला चाकं लाव खाली, शेजारच्या बाळाला ओढायला होईल."

बायको हसली. छोटीही हसली.

पहिल्या पंधरवड्यात तिने केलेली कॉफी खरंच हसण्यासारखी होती. वर हा एवढा फेस आणि खाली कोळसा धुतलेलं पाणी. "पुढाऱ्याच्या भाषणासारखी आहे," मास्तर म्हणाले, "नुसता फेस." छोटीने मग ती पूड भरायची जाळी उजेडात धरून पाहिली. जाळीला दोन तळ होते. वरच्याला पुष्कळ भोकं, खालच्याला एकच. पूड कशीही असो, त्या एका भोकातून पाणी चिळकांडीसारखं उडायचं आणि फेसाचं सोंग तयार व्हायचं. तिने शोधून शोधून एका तळाची साधी जाळी मिळवली. मग तर फेसही गेला. बाजारातली तयार पूड इतकी भरड होती की पाणी आठ सेकंदांत पार.

दुसरं कुणी असतं तर नाद सोडला असता. छोटीने हाताने फिरवायची एक लहानशी गिरणी आणली, पोलादी दात्यांची. एका कपापुरत्या बिया दळायला तीन मिनिटं लागायची आणि दंड भरून यायचे. औषधांच्या दुकानाने मोडीत काढलेला पुड्या जोखायचा इवलासा काटा तिने मागून आणला. पुडीवर भाजल्याची तारीख लिहून देणारा एक कॉफी भाजणारा तिने हुडकला. त्याच्याकडून ती दर आठवड्याला लहानशीच पुडी घ्यायची. बाटलीच्या बुचात चार सुया खोचून दळलेल्या पुडीतल्या गाठी मोडायची. जाळी बसवायचा लोखंडी दांडा आणि कप आधी नुसत्या गरम पाण्याने दोनदा तापवून घ्यायची. चौदा ग्रॅम पूड आत, अठ्ठावीस ग्रॅम कॉफी बाहेर, अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर. चुकलं की एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा. रोज कामावर जायच्या आधी दोन कप, त्याहून जास्त नाही, कारण आईला ओटा मोकळा हवा असायचा.

मधूनच ती विचारायची, "बाबा, तुमच्याकडे पूड किती बारीक असते हो?"

"ते कानाला कळतं," मास्तर म्हणायचे.

त्यांना आणखी काही सांगताच आलं नसतं. दुकानातली गिरणी दर महिन्याला एक कारागीर येऊन लावून जायचा, बिया मालक आणायचे, यंत्राचं तापमान यंत्रच सांभाळायचं. मास्तरांचा हात तयार होता हे खरं, पण त्या हाताखाली काय काय आयतं येऊन पडत होतं, याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. म्हणून ते थट्टेवर न्यायचे. "आज किती सेकंदांची झाली? कोर्टात साक्ष द्यायची आहे का?" छोटी उत्तर न देता काट्याकडे बघत राहायची.

असे सात महिने गेले.

मग तो आठवडा आला. शुक्रवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर मालकांनी मास्तरांना आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एका नव्या यंत्राचं चित्रांचं पुस्तक उघडं पडलं होतं. बिया आत ओतायच्या, दळणं, दाबणं, धार सोडणं, सगळं यंत्र स्वतःच करणार. मालक मनाचे वाईट नव्हते. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुमच्या कंबरेला आराम मिळेल हो. आता नुसती कळ दाबायची. कुणीही करील."

मास्तर "बरं" म्हणाले आणि बाहेर येऊन यंत्रामागे उभे राहिले. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. शनिवारही तसाच गेला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. छोटीने न्हाऊन केस घट्ट बांधले होते, ओटा कोरडा पुसून ठेवला होता. गिरणी फिरवताना ती काही बोलत नव्हती. धार सुरू झाली तशी मास्तरांची नजर वर्तमानपत्रावरून उठली. आवाजच तसा होता. मधाची तार पडावी तशी धार, गडद, जरा थरथरणारी, आणि हळूहळू सोनेरी होत जाणारी. छोटीने ती नेमकी वेळेवर तोडली आणि कप त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, आज नीट बघा हं. थट्टा नको. वाईट असेल तर सरळ वाईट म्हणा."

मास्तरांनी घोट घेतला.

जिभेवर पहिल्यांदा गोडवा आला, साखरेचा नव्हे, भाजलेल्या बदामाचा असतो तसा. मग कडूपणा आला, पण पाहुणा दारात विचारून आत यावा तसा, बेताने. आणि घोट गिळल्यावर कितीतरी वेळ संत्र्याच्या सालीसारखा हलका वास टाळूला लागून राहिला. अशी कॉफी मास्तरांच्या हातून सव्वीस वर्षांत फार तर दहा-बारा वेळा उतरली असेल. ती उतरली की ते कुणाला न सांगता तो कप स्वतःच पिऊन टाकत. आणि ही पोरगी या खेळण्यावर, मोडीतल्या काट्यावर, बुचात सुया खोचून...

कुणीही करील. मालकांचा शब्द त्यांच्या कानात वाजला.

त्यांनी कप खाली ठेवला. "जळकी आहे."

"जळकी?"

"हं. मागे कडवट राहते."

"पण पाणी तर मी..." छोटी थांबली. "नीट बघितलंत ना?"

"तू विचारलंस, मी सांगितलं." एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण एकदा तोंड सुटलं की सुटतं. "हे बघ छोटी, वजनं-काटे करून एवढंच होतं. हाताला चव असावी लागते. ती शिकून येत नाही."

तिने त्यांचा उष्टा कप उचलला आणि मोरीपाशी उभं राहून उरलेला घोट घेतला. बराच वेळ तो तोंडात धरून ठेवला. मग म्हणाली, "हो. असेल."

मास्तरांच्या ओठांवर आलं होतं, "अगं, थट्टा केली." खरंच आलं होतं. पण तेवढ्यात दार वाजलं. मोरीची तुंबलेली नळी बघायला नळवाला आला होता. त्याला जागा करून द्यायला ओट्यावरचं सगळं हलवावं लागलं, पाण्याची बादली आणावी लागली, आणि त्या गडबडीत ती वेळ निघून गेली ती गेलीच.

दोन आठवड्यांनी यंत्र ओट्यावर दिसेनासं झालं. मास्तरांनी विचारलं नाही. तीन महिन्यांत छोटीने दुसऱ्या गावी नोकरी धरली, सहा तास बसने लागणाऱ्या गावी. औषधी सिरपं बनवणारा कारखाना होता, तिथे माल तपासायच्या खोलीत. ती पोचवायला आलेल्या आईशी पुष्कळ बोलली, बापालाही वाकून "तब्येत सांभाळा" म्हणाली. रागाचं नावही नव्हतं. म्हणूनच मास्तरांना वाटलं की लागलं नसावं.

दुकानात नवं यंत्र आलं. मास्तरांनी पाच वर्षं त्याची कळ दाबली. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली, जी राहिली ती मास्तरांना "कसं काय?" विचारत, कॉफीबद्दल काही बोलत नसत. मग एक दिवस त्यांना निरोपाचा समारंभ झाला, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं आणि मास्तर घरी बसले. रिकामा माणूस आठवणी उपसत बसतो. त्यांना मधूनमधून तो कप आठवायचा. ते स्वतःची समजूत घालायचे, एक शब्द तर होता. लेकीने एवढं मनावर घेतलं असेल होय? दुसरंही काही कारण असेल. मग ते उठून झाडांना पाणी घालायचे.

छोटी गेल्याला अकरा वर्षं झाली होती तेव्हा घराला रंग द्यायचं निघालं आणि माळा रिकामा करावा लागला. खोकं खाली आलं. आत प्रत्येक वस्तू फडक्यात गुंडाळून ठेवलेली. गिरणी, काटा, साधी जाळी, सुयांचं बूच. यंत्राच्या तोंडातली रबरी चकती तेवढी वाळून तडकली होती.

"भंगारवाल्याला देऊ या का?" बायकोने विचारलं.

"राहू दे," मास्तर म्हणाले, "बघू तरी."

त्यांनी नवी चकती बसवली, लिंबाच्या सत्त्वाचं पाणी दोन-तीनदा खेळवून आतला क्षार काढला. मग बाह्या सरसावून बसले. आठ दिवस बसले. कधी पाणी धो धो यायचं आणि कॉफी आंबट ढाण. कधी यंत्र नुसतं कण्हायचं आणि थेंब पडायचा नाही. कान लावून लावून ऐकलं, पण या यंत्राची भाषाच त्यांच्या कानांना येत नव्हती. बायको एकदा म्हणाली, "अहो, सव्वीस वर्षं मग करत काय होतात?" ती गमतीने म्हणाली होती. मास्तर हसले नाहीत.

नवव्या दिवशी त्यांनी छोटीला फोन लावला. आठवड्याला फोन व्हायचा, पण तो आईचा. बापाचा वाटा शेवटच्या दोन मिनिटांचा.

"छोटी, ते तुझं यंत्र काढलंय. धार थांबतच नाही बघ."

मग ती म्हणाली, "बारीक दळा."

"बारीक दळलं तर येतच नाही."

"मग मधलं. गिरणीच्या चाकाला खाली खाचा आहेत, एका वेळी एकच खाच फिरवा. आणि दोन गोष्टी एकदम बदलू नका हं बाबा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. पूड किती घालताय?"

"हातानेच घालतोय, अंदाजाने."

"अंदाजाने नाही. चौदा ग्रॅम. मोजून. बिया कधीच्या भाजलेल्या?"

"दुकानातून आणल्या."

"पुडीवर तारीख नसेल तर तिथून आणूच नका. आणि यंत्र वीस मिनिटं चालू ठेवा. दिवा लागला म्हणजे तापलं असं नसतं, दिवा आधी लागतो आणि लोखंड मागाहून तापतं."

हे सगळं ती कुठेही न अडखळता सांगत होती. पाढे म्हणावेत तसं. अकरा वर्षांत यंत्राला हात नाही आणि एक आकडा विसरलेली नाही. मास्तरांनी पेन्सिलीने लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यांना स्वतःच्या गप्प बसण्याची आठवण झाली, "ते कानाला कळतं" म्हणून उडवून लावलेल्या प्रश्नांची. तिने एकदाही तसं केलं नाही. उलट दर दोन-तीन दिवसांनी ते फोन करायचे आणि ती कामातून उठून सांगायची.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती धार पडली. मास्तरांनी घोट घेतला आणि ते खुर्चीत बसले. तीच. बदाम, बेताचा कडूपणा, आणि ती संत्र्याची साल.

त्यांनी बायकोला हाक मारली. तिने घोटभर पिऊन पाहिली आणि म्हणाली, "अगोबाई, ही तर छोटीच्या हातची झाली."

"तुला काय आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? त्या रविवारी तुमच्या आधी मलाच दिली होती की. मला बाई आवडली होती. पण मला त्यातलं काय कळतंय, तुम्ही जळकी म्हणालात." तिने कप खाली ठेवला. "पोरीचं नशीब. नाहीतर वाचनालयात बसली असती आज."

"वाचनालयात?"

"तुम्हाला कधी बोलले नाही मी. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई औषधं न्यायला यायच्या तिच्याकडे. एकदा इथे घरी येऊन कॉफी पिऊन गेल्या, तुम्ही दुकानात होतात. दाराशी कोपरा रिकामा आहे, म्हणाल्या, तिथे मांड तुझं लहानसं दुकान, वाचायला येणाऱ्यांना बरं होईल. छोटी म्हणाली, रविवारी बाबांना विचारते. बाबा चालेल म्हणाले तर हो कळवते."

"नुसतं चालेल?"

"नुसतं चालेल."

मास्तरांनी टेबलाची कड धरली. "मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, मुलगी म्हणून नको, कॉफी म्हणून सांगू दे त्यांना."

रंगाऱ्यांनी सोडलेली शिडी दारात उभी होती. तिच्याकडे बघत मास्तरांनी कप दूर सारला. मग म्हणाले, "चांगली होती ती."

"कोण?"

"ती कॉफी. मला तेव्हाच कळलं होतं. पहिल्या घोटाला."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. त्या अडतीस वर्षांत तिने त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "हे मला सांगून काय उपयोग?" एवढंच म्हणून ती आत गेली.

पुढच्या महिन्यात छोटी चार दिवसांच्या रजेवर आली. पस्तिशीची झाली होती, कानांपाशी एक-दोन पांढरे केस. मास्तरांनी सकाळी लवकर यंत्र तापत ठेवलं. फोनवर तिने सांगितलं तसं सगळं केलं आणि कप तिच्यापुढे ठेवला. बशीत दोन थेंब सांडले.

छोटीने घोट घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "छान झालीय हो बाबा! एकदम छान."

किती सहज म्हणाली. घोट गिळायच्या आत म्हणाली. मास्तरांनी ज्या शब्दाची जन्मभर कंजुषी केली, तो तिने चमचाभर साखर द्यावी तसा देऊन टाकला. ठरवून ठेवलेली वाक्यं सगळी विसरली.

"छोटी, त्या रविवारची तुझी... ती जळकी नव्हती."

छोटीने कप खाली ठेवला.

"अशीच होती. याहून बरी होती. मी खोटं बोललो."

"का?"

मास्तरांनी सांगितलं. मालकांची खोली, ते पुस्तक, "कुणीही करील". सांगताना त्यांना स्वतःलाच ते इतकं किरकोळ वाटलं की शेवटचं वाक्य तोंडातच विरलं.

छोटी कप फिरवत बसली होती. मग म्हणाली, "वाचनालयाचं आईने सांगितलंच असेल. मला तो कोपरा गेल्याचं एवढं काही नाही, बाबा. कदाचित चाललाही नसता. पण तुम्हाला ठाऊक आहे का, मी तुमचा तो उष्टा घोट घेतला तेव्हा मला तो चांगला लागला होता. मला जळकं काही लागलंच नाही. मी उभी राहून शोधत होते, जळकं कुठे आहे. मग मला वाटलं, माझी जीभच खोटी आहे."

मास्तरांनी बशीतले दोन थेंब बोटाने पुसले.

"कारखान्यात चव घेऊन बघणाऱ्यांची एक तुकडी असते. नवं सिरप आलं की ते सांगतात, ठीक आहे की नाही. पगाराचं सोडा, पण मानाचं काम. दर वर्षी विचारायचे मला. मी दर वर्षी सांगायचे, मला चव कळत नाही." ती थोडं हसली, आणि ते हसणं मास्तरांना रडण्याहून जड गेलं. "साधी भाजी केली तरी मी शेजारणीला चाखायला देते, मीठ बरोबर आहे का म्हणून. अकरा वर्षं."

"आता..." मास्तर म्हणाले, "आता देता येईल का नाव? त्या तुकडीत?"

"आता नव्या मुली आहेत तिथे. मला कुणी विचारत नाही."

तिने कप विसळून पालथा घातला आणि आईला बाजारात सोबत करायला निघून गेली. उरलेले तीन दिवस ती नीट वागली, जेवताना बोलली, आईच्या चष्म्याची काडी दुरुस्त करून आणली. पण निघताना मास्तरांनी "यंत्र घेऊन जा, तुझंच आहे" म्हटलं तेव्हा तिने मान हलवली. "राहू दे तुमच्याकडे. मला आता त्याचं वेड नाही." बस सुटेपर्यंत मास्तर खिडकीखाली उभे होते. ती समोर बघत होती.

त्यानंतर एकदा मास्तर वाचनालयात जाऊन आले. ग्रंथपाल बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. दाराशी कोपरा होता, खिडकीतून बरा उजेड यायचा. तिथे आता कागदांच्या प्रती काढायचं यंत्र होतं आणि त्याच्यापुढे दोन विद्यार्थी आपली पाळी येण्याची वाट बघत होते. मास्तर त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा प्रत काढायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. "चुकून उभा राहिलो," असं म्हणून ते बाहेर आले.

दोन-अडीच महिने छोटीचे फोन आखूड झाले. आईशी बोलून झालं की "बाबांना सांग" म्हणून ठेवून द्यायची. मास्तर कुरकुर करत नव्हते. ज्यांना ज्यांना आपण नुसतं "चालेल" म्हणून वाटेला लावलं, त्यांतल्या ज्यांचा ठावठिकाणा सापडला त्या तिघांना त्यांनी फोन करून सांगितलं की बाबा रे, तुझा हात चांगला होता. एक जण दारू प्यायलेत की काय म्हणून काळजीत पडला. दुसरा म्हणाला, "मास्तर, मी तर केव्हाच ट्रक चालवायला लागलो." तिसऱ्याला ते कोण हेच पटकन आठवलं नाही.

आता छोटी वर्षातून दोनदा येते. दुसऱ्या खेपेला तिने गिरणी हातात घेतली. आई म्हणाली म्हणून असेल, किंवा ओट्यापाशी उभं राहिल्यावर हात शिवशिवले असतील. तिची धार अजून मास्तरांच्या धारेहून सरस पडते. मास्तर तिला तसं सांगतात, एकदा नव्हे, तीन-तीनदा सांगतात; ती "बरं बरं" म्हणते. त्या "बरं"मध्ये विश्वास किती आणि म्हाताऱ्याचं मन राखणं किती, हे त्यांना ओळखता येत नाही, आणि विचारायचा हक्क आपण गमावलाय हे ते जाणून आहेत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली. छोटी कप तोंडाला लावते, घोट घेते, आणि स्वतःला काय लागलं ते ठरवायच्या आधी एक क्षण बापाच्या चेहऱ्याकडे बघते. ते तिलाही कळत नसावं. म्हणून हल्ली धार पडून झाली, तिने कप उचलला, की मास्तर काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरातून बाहेर जातात. कधी झाडं, कधी दारावरची घंटा, जी वाजलेलीच नसते. बाहेरच्या खोलीत ते पाठ करून उभे राहतात आणि आतून ती काय म्हणते, याची वाट बघतात.

बहुतेक वेळा ती काहीच म्हणत नाही.